साडेसातचे कोंबडे

१२ जानेवारी

चिमणे,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, तशा निळ्या खुणा येतात, आणि मग चिडीचूप. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय, घरच्या नाही, म्हणजे तुझ्या सासूबाईंच्या हातात पडायचं नाही. बघ, एवढी अक्कल अजून शाबूत आहे.

बातमी आधी सांगते. तू म्हणालीस ना, "ती नोकरी सोड, नाहीतर माझ्या बाळंतपणाला येऊ नकोस"? सोडली. झालं समाधान? सोमवारी सिस्टरांना सांगून टाकलं, त्या म्हणाल्या ठीक आहे. आता मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते. सकाळी नऊ ते दुपारी चार. नाव, वय, पत्ता, चला पुढचा. म्हणजे तू लग्नाच्या वेळी सासूबाईंना जे ठोकून दिलं होतंस, तेच आता खरं झालं. खोटं बोलावं तर असं, की दोन वर्षांनी खरं व्हावं!

फोटोचं माझं चुकलं. नर्सिंगच्या पोरींपुढे दहा मिनिटं बोलायचं होतं. एचआयव्ही घेऊन मी एकोणीस वर्षं जगतेय, ठणठणीत आहे, आणि आता हाच आजार असलेल्या दुसऱ्या बायकांच्या घरी जाऊन त्यांना औषधं कशी घ्यायची ते शिकवते. एवढंच बोलले. तो पेपरवाला कुठून उगवला देव जाणे. आणि फोटो तरी काय काढला मेल्यानं! तोंड उघडं, डोळे मिटलेले, जांभई देतेय की आरोळी ठोकतेय तेच कळत नाही. तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं मला ओळखलं कसं, याचंच नवल वाटतं.

जावईबापूंना पहिल्यापासून सगळं माहीत आहे, त्यांचा प्रश्न नाही. प्रश्न तुझ्या सासूबाईंचा, म्हणजे हेडबाईंचा. अगं, चिडू नकोस. बाईंनी तीस वर्षं शाळा चालवली, त्यांना हेडबाई नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? त्यांनी तो पेपर पाहिला नाही ना? नसेलच. पाहिला असता तर एव्हाना मला बाकावर उभं केलं असतं.

तुला सातवा लागलाय. ऑफिसात स्टुलावर पाय ठेवून बस, साहेब काय म्हणतील त्याचा विचार करू नकोस. एप्रिलमध्ये येतेच मी.

तुझी आई (खिडकीवाली)


६ फेब्रुवारी

चिमणे,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. "बरं झालं. तब्येत ठीक. वजन वाढलंय." शब्दाला पैसे पडत असल्यासारखं लिहितेस. पण आलं, तेच खूप.

आता एक गंमत सांगते. ऐकीव आहे हं. मी आपली खिडकीत बसते.

आमच्या भागातल्या, म्हणजे आता माझ्या राहिल्या नाहीत त्या, एकतीस बायका गोळ्या घेतात. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची, हे तुला मी काय सांगणार. पण बायका विसरतात. एकीच्या कुकरची शिट्टी होते, एकीचं पोर रडतं, एकीची सासू हाक मारते, राहिलं. म्हणून एका सोबतिणीनं डोकं चालवलं. (सोबतीण म्हणजे आम्हीच गं, स्वतः गोळ्या घेणाऱ्या आणि दुसरीच्या मागे लागून तिला घ्यायला लावणाऱ्या.) तर तिनं घरोघरी जाऊन सगळ्यांच्या फोनमध्ये संध्याकाळी साडेसातचा गजर लावून दिला. आणि गजर कसला, तर कोंबडा आरवतो तो! नवऱ्यानं विचारलं की सांगायचं, पोरानं खेळताना लावलाय. औषधाच्या गजराला कुणी कोंबडा लावतं का? संशयाला जागाच नाही.

हुशार म्हणायची ती बाई. फक्त त्या दीडशहाणीच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. एकतीस बायका, एकच वेळ आणि एकच कोंबडा.

गेल्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये पाण्याच्या तक्रारींची सभा होती. सहाची सभा, आणि पाणीखात्याचे साहेब उगवले सातला. आल्यापासून "आम्ही प्रयत्नशील आहोत" हेच चालवलेलं. लोक कंटाळून पेंगायला लागले होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत कोंबडा आरवला. सगळे हसले. मग एक खिडकीपाशी आरवला. मग एक साहेबांच्या अगदी नाकासमोर. आणि मग चारी बाजूंनी जे सुरू झालं! अकरा पर्सा, अकरा कोंबडे, आणि अकरा बाया माना वळवून एकमेकींकडे बघतायत. रोज एका नळावर भांडणाऱ्या बाया त्या, पण एकीचं दुसरीला ठाऊक नव्हतं. दोघी तर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. एकीनं पर्स पोटाशी दाबून धरली, तर कोंबडा आतून घुसमटून ओरडायला लागला.

एकेक करून कोंबडे बंद झाले. मागून एक आजोबा म्हणाले, "यांचे सगळ्यांचे एकाच वेळी कसे काय वाजले हो?" मी तर माझी पर्स पायानं खुर्चीखाली ढकलली. म्हणजे, मी तिथे असते तर ढकलली असती.

आणि आपली मशीनवाली उठली. शिवणकाम करते ती, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे रागात नसली तरी रागावल्यासारखी वाटते. म्हणाली, "साहेब, ऐकलंत ना? पावणेआठला आमचा नळ येतो आणि आठला जातो. चुकला की दुसऱ्या दिवसापर्यंत घसा कोरडा. म्हणून आम्ही बायकांनी हे कोंबडे लावून घेतलेत. आणि तुम्ही आम्हाला इथे प्रयत्न ऐकवत बसलाय!"

अख्ख्या हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनी घाम पुसला आणि सोमवारपासून अर्धा तास पाणी सोडतो म्हणाले. सभा तिथेच मोडली. बायका घरी पळाल्या. कुणी पाणी भरलं, कुणी गोळी घेतली, अकरा जणींनी दोन्ही केलं.

खरी मजा पुढेच आहे. दुसऱ्या दिवसापासून लोक मागे लागले, ताई, आमच्या फोनमध्ये पण तो पाण्याचा कोंबडा लावून द्या. त्या आजोबांनीसुद्धा लावून घेतला. आता साडेसात वाजले की अख्खा भाग आरवतो, आणि कुणाचा कोंबडा पाण्याचा आणि कुणाचा गोळीचा, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही कळायचं नाही. त्या दोघी शेजारणी हल्ली भांडत नाहीत. एकीच्या ओट्यावर बसून गोळी घेतात आणि निंदा करायला तिसरी शोधतात.

हसलीस की नाही, ते तरी कळव.

तुझी आई


२७ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र आलं. एकच ओळ. "आई, तू त्या हॉलमध्ये काय करत होतीस?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. होते मी तिथे. तिसऱ्या रांगेतला पहिला कोंबडा माझाच. ती दीडशहाणीही मीच. नोकरी सोडलेली नाही. त्या सोमवारी सिस्टरांना म्हटलं खरं की सोडते, तर त्या म्हणाल्या, "आधी आजच्या तीन घरभेटी उरका, मग बोलू." मी उरकल्या. मग त्या बोलल्या नाहीत आणि मीही नाही.

मी तुला खोटं का लिहिलं, सरळ सांगते. मला माझं नातवंड हातात घ्यायचंय. झोप येत नाही इतकं घ्यायचंय. तुझ्यापुढे खोटी ठरेन, पण त्या दिवशी तिथे असेन, असा हिशेब केला होता. पार चुकला.

पण नोकरी का सोडली नाही, तेही ऐक. मग हवं तर फाडून टाक.

एक पोरगी आहे आमच्याकडे. तुझ्याच वयाची, तिलाही दिवस गेलेत. तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी मागे. नाव-गाव सांगणार नाही, ते तुलासुद्धा नाही. गरोदरपणाच्या तपासणीतच तिचं कळलं. पंधरा दिवस घराबाहेर पडली नाही. मी रोज जायचे, ती दार लोटून आतच बसायची, मी बाहेर पायरीवर बसून बडबडायचे. आठव्या दिवशी दार किलकिलं झालं. मी म्हटलं, बाई गं, वेळेवर गोळ्या घेतल्यास तर तुझं बाळ अगदी निरोगी जन्माला येऊ शकतं, अशी बाळं मी माझ्या या मांडीवर खेळवली आहेत. हे डॉक्टरांनी तिला चारदा सांगितलं होतं. पण डॉक्टरांना हा आजार नाही ना. मला आहे. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं तिनं, दंड चाचपला, आणि म्हणाली, "तुम्ही तर जाडजूड आहात!" मला इतका आनंद कुणाच्या स्तुतीनं झाला नव्हता.

तिनं तिच्या आईला सांगितलं नव्हतं. गेल्या गुरुवारी मला विचारते, "ताई, तुमची मुलगी बोलते का हो तुमच्याशी?"

मी म्हटलं, "रोज. तास तास बोलते. मलाच कंटाळा येतो."

तिचा चेहरा असा उजळला गं! म्हणाली, मग मीही आईला सांगते. आणि सांगितलं. आणि मी घरी आले, कडी लावली आणि ओक्साबोक्शी रडले.

तर हे असं आहे. मी ही नोकरी सोडणार नाही, चिमणे. आणि मला तुझ्याकडेही यायचंय. दोन्ही. आता तू ठरव.

आई


१९ मार्च

चिमणे,

तीन आठवडे झाले, तुझी ओळ नाही. पहिला आठवडा मी रागावून काढला. एवढं शिकवलं, मोठं केलं, आणि हिला माझी लाज वाटते, असं मशीनवालीपुढे बोलून बसले. तिनं टाचण्या तोंडातून काढल्या, त्यावरूनच मी समजले की आता काही खरं नाही. म्हणाली, "लाज? तिला कधी विचारलंस, तुझं गुपित सांभाळताना तिचं काय काय झालं ते?"

मी म्हटलं, तिचं काय व्हायचंय? आणि मग रात्रभर तेच आठवत राहिलं.

तू आठ वर्षांची होतीस. माझ्या गोळ्या पिठाच्या डब्यात असायच्या आणि डबा वरच्या फळीवर. मला तेव्हा उठवत नव्हतं, म्हणून तू स्टूल लावून काढायचीस. हाताला, केसाला पीठ. एकदा शेजारच्या काकूंनी पाहिलं आणि विचारलं, कसल्या गं गोळ्या? तू जराही न चाचरता म्हणालीस, "आईला डायबेटिस आहे." मी आतून ऐकत होते. केवढा अभिमान वाटला मला! तुला जवळ घेतलं, म्हटलं, शाब्बास माझी वाघीण, असंच सांगायचं, कायम, कुणालाही.

त्यानंतर बारा वर्षं त्या गल्लीत मला कुणी साखरेचा चहा दिला नाही. त्या बिनसाखरेच्या चहाचं मी किती रडगाणं गायले आणि किती हशे मिळवले! प्रत्येक भाषणात हा किस्सा सांगते. पण तुझ्या बाजूनं तो कधी ऐकलाच नाही मी. वर्गात आईवर निबंध लिहायचा तर तू काय लिहिलं असशील? मैत्रिणी घरी यायच्या म्हटल्या की तू आधी धावत येऊन ओटा का तपासायचीस? तू कधी कुणाशी भांडलीसुद्धा नाहीस. भांडणात तोंडून काही निसटेल, याची भीती होती ना तुला?

आणि मग मीच एक दिवस माईक हातात घेतला आणि सगळं सांगून मोकळी झाले. टाळ्या घेतल्या. फोटो काढून घेतला. पण ज्या पोरीला कायम गप्प राहा म्हणून सांगितलं होतं, तिला सांगायचंच विसरले, की बाळा, झालं आता, तू सुटलीस. तू तिकडे सासरी अजून माझा डायबेटिस सांभाळत बसलीस आणि मी इकडे तुलाच भित्री ठरवलं. एकतीस बायकांच्या दारात मी आधी विचारते, आत येऊ का, तुमचं कुणाला सांगितलेलं चालेल, कुणाला नाही. वहीत तसा रकानाच आहे. तुला मात्र कधी विचारलं नाही. चुकलं माझं. फोटो वाईट आला म्हणून नव्हे, तुला न विचारता काढला म्हणून.

आता माझं म्हणणं ऐक. तू बोलावलंस तरच येईन. नाही बोलावलंस तर रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण तुला कळू देणार नाही. तुझ्या सासूबाईंना मी आपणहून काही सांगणार नाही. आजार माझा असला तरी घर तुझं आहे. पण त्यांनी समोरून विचारलं तर खोटं बोलणार नाही. तेवढं आता मला जमायचं नाही. आणि तुला अजून गप्प राहावंसं वाटलं तर राहा. बोलावंसं वाटलं तर बोल. दोन्हीला माझी ना नाही.

ती पोरगी बरी आहे. परवा तपासणीला तिची आई सोबत आली होती. दोघी बाकावर बसून स्वेटरच्या रंगावरून कडाकडा भांडत होत्या. मी दारामागे उभी राहून ऐकत होते, काम सोडून.

पाय सुजले असतील तर मीठ कमी कर आणि डॉक्टरांना दाखव.

तुझी आई


१७ एप्रिल, दुपारी तीन वीस
वॉर्डाबाहेरचा बाक

चिमणे,

आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून ही चिठ्ठी इथल्या मावशींच्या हाती पाठवतेय. मुलगी झाली, कळलं. दोन किलो नऊशे, तेही कळलं. तू बरी आहेस, हे मी तिघींना वेगवेगळं विचारून खात्री करून घेतलंय. भेटीची वेळ चारची. चाळीस मिनिटं मी करू काय? म्हणून लिहितेय. जावईबापू मघापासून जिना चढतायत आणि उतरतायत, का ते त्यांनाही माहीत नाही.

परवा तुझा फोन आला, "आई, ये." एवढंच. खिडकीवाली म्हणून येऊ की सोबतीण म्हणून, हे विचारायचंही मला सुचलं नाही. पिशवी भरली आणि बस पकडली. काल दिवसभर तुझ्या घरी मी हेडबाईंसमोर जीव मुठीत धरून वावरत होते. आज विचारतील, आता विचारतील. त्यांनी विचारलं काय, तर भाजीत मीठ बरोबर आहे का!

आणि आज सकाळी तू काय केलंस गं!

भरतीच्या टेबलावर ती पोरसवदा डॉक्टरीण फॉर्म भरत होती. सोबत कोण? सासू आणि आई. आई काय करते? मी तोंड उघडलं, तुझ्याकडे बघितलं आणि मिटलं. हेडबाईच म्हणाल्या, "केसपेपर विभागात असतात." तुला कळ आली होती, तू टेबलाची कड धरून वाकली होतीस. आणि कळ ओसरायच्या आत तू म्हणालीस, "नाही. सोबतीण आहे ती. एचआयव्ही असलेल्या बायकांसोबत काम करते. तिला स्वतःला एकोणीस वर्षं एचआयव्ही आहे. गोळ्या घेते, माझ्याहून धडधाकट आहे. नीट लिहा."

मग तू खुर्चीत बसलीस आणि पाणी मागितलंस. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं, पान उलटलं, तुला आत नेलं. आणि बाकावर राहिलो आम्ही दोघी विहिणी.

पाऊण तास हेडबाई पर्सची चेन उघडायच्या आणि लावायच्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षं मला केसपेपर सांगितलंत."

म्हटलं, "हो."

"का? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"तुमच्या भीतीनं नाही हो. पोरीला आठव्या वर्षी मीच गप्प बसायला शिकवलं. हुशार आहे. एकदा शिकवलेलं विसरत नाही."

"मला राग आलाय," त्या म्हणाल्या. "आजाराचा नाही. खोट्याचा."

म्हटलं, "तोच यायला हवा."

मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही बाळाला घेतलंत तर त्याला काही होईल?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला लोकांनी आडून आडून हजारदा विचारलाय. असा तोंडावर कुणी विचारला की मला ते माणूस आवडतं. मी सांगितलं, घेतल्यानं नाही, पापा घेतल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. गोळ्यांमुळे तो विषाणू माझ्या रक्ताच्या तपासणीत आता सापडतसुद्धा नाही. आणि म्हटलं, माझ्यावर विश्वास नसेल तर डॉक्टरांना विचारा.

उठल्या आणि खरंच विचारायला गेल्या! स्वतः तपासल्याशिवाय गुण देणाऱ्या बाई नाहीत त्या. दहा मिनिटांनी परत आल्या, शेजारी बसल्या. मघापेक्षा जरा जवळ, असं मला वाटलं, पण बाक लहान आहे, त्यामुळेही असेल.

दुपारी दोनच्या सुमारास नर्स सांगत आली, मुलगी. आम्ही दोघी एकदम उठलो आणि एकमेकींवर आपटलो. मी रडले. त्या रडल्या नाहीत, चष्मा पुसत होत्या, बराच वेळ.

चार वाजता एकाच बाईला आत सोडतात. पास सकाळीच त्यांच्या नावानं केलेला. त्यांनी तो पर्समधून काढला आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "आधी तुम्ही जा. मी पाचला बघेन." आवाज अजून रागाचाच होता.

चाराला पाच कमी आहेत. हात दोनदा साबणानं धुतलेत. पोरीला पाळण्यात ठेवू नकोस. सरळ माझ्या हातात दे.

आई